सगळ्यांसमोर बिघडलेला आवाज

शिक्षकाचा आवाज बसला की सगळीकडून एकच सल्ला येतो, जरा कमी बोला. डॉक्टर म्हणतात, घरचे म्हणतात, स्टाफरूममध्ये शेजारी बसणारे सर म्हणतात. आता ज्याचं कामच बोलण्याचं आहे त्याने कमी बोलायचं म्हणजे नेमकं कुठल्या तासाला, हे कोणी सांगत नाही. या सल्ल्यामागे एक समजूत असते, की बिघाड त्या माणसाच्या गळ्यात आहे आणि तो त्याने घरी बसून दुरुस्त करून आणावा. मी बरीच वर्षं शिकवतेय, आवाजाच्या त्रासातून गेलेय आणि इतर शिक्षकांबरोबर गटात बसून स्पीच थेरपी घेतलीये. त्यानंतर माझं मत पक्कं झालंय की शिक्षकाचा आवाज एकांतात बिघडत नाही. तो भरलेल्या वर्गासमोर रोज थोडा थोडा बिघडतो, मग तो सुधारायचा तर तेही माणसांमध्ये बसूनच व्हायला हवं.

आधी गळ्यात काय चालतं ते सांगते, कारण हे शिक्षक होताना आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. स्वरतंतू म्हणजे स्वरयंत्रातल्या दोन छोट्या पट्ट्या, बायकांच्या साधारण एक ते दीड सेंटीमीटरच्या, पुरुषांच्या त्याहून जरा लांब. बोलताना बाईच्या गळ्यात त्या सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात, पुरुषाच्या गळ्यात सव्वाशेच्या आसपास. आपण शिकवताना सलग बोलत नाही, मध्ये श्वास घेतो, फळ्यावर लिहितो, मुलांची उत्तरं ऐकतो. अमेरिकेत शिक्षकांच्या गळ्याला छोटं यंत्र लावून हे सगळं मोजलं होतं, ते २००७ साली प्रसिद्ध झालं, त्यात कामाच्या वेळेपैकी साधारण २३ टक्के वेळ स्वरतंतू प्रत्यक्ष कंप पावत होते. तेवढाच धरून पाच तासांच्या शिकवण्याचा हिशोब मी कागदावर केला तर एका दिवसात आठ लाखांच्या वर आपटणं होतं. आवाज चढवला की प्रत्येक आपटण्याचा जोर वाढतो. शिक्षिकांना हा त्रास शिक्षकांपेक्षा जास्त होतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे, पट्ट्या लहान आणि आपटणं जास्त वेळा.

याच दोन पट्ट्यांवर जिथे मार सगळ्यात जास्त बसतो तिथे, पुढच्या एक तृतीयांश भागाच्या आसपास, दोन्ही बाजूंना समोरासमोर घट्टे पडायला लागतात. त्यांना नोड्यूल म्हणतात. ही कॅन्सरची गाठ नाही, पण पट्ट्या नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, आवाज घोगरा आणि फुसफुसा होतो, आणि तो भरून काढायला माणूस अजून जोर लावतो. तिथून चक्र सुरू होतं. काही जणांच्या पट्ट्या दुर्बिणीत अगदी ठीक दिसतात तरी आवाज जातो, कारण आजूबाजूचे स्नायू सतत आवळलेले असतात. त्यांना तर लोक सरळ म्हणतात की तुम्हाला काही झालेलंच नाहीये.

आणि हे काही चार-दोन जणांचं दुखणं नाही. २००४ साली अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा या राज्यांत हजाराहून जास्त शिक्षक आणि जवळजवळ तेवढेच इतर व्यवसायातले लोक यांची तुलना केली होती, नेल्सन रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेल्या शिक्षकांचं प्रमाण ५७.७ टक्के निघालं, इतरांत २८.८ टक्के. चौकशी केली त्या वेळी त्रास चालू असलेले शिक्षक ११ टक्के, इतर ६.२. म्हणजे स्टाफरूममध्ये दहा जण बसलेले असतील तर एखाद्याचा आवाज आत्ता बिघडलेला आहे आणि निम्म्याहून जास्त जणांनी तो कधीतरी भोगलाय. तरीही प्रत्येकाला वाटतं आपल्याच गळ्यात काहीतरी खोट आहे.

माझं तसंच होतं. शुक्रवारपर्यंत आवाज घासत जायचा, सोमवारी परत यायचा, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. असं कोणीही करेल, परत येणाऱ्या गोष्टीची काळजी कोण करतं? पुढे कळलं की यालाही हिशोब आहे. दोन तास मोठ्याने वाचून मुद्दाम थकवलेला आवाज जवळजवळ पूर्ववत व्हायला १२ ते १८ तास लागतात असं एका अभ्यासात दिसलंय, आणि शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी भरेपर्यंत आपल्याकडे साधारण तेवढेच तास असतात, त्यात घरी बोलायचं नसेल तर. गुळण्या केल्या, वाफ घेतली. वाफेने बरं वाटायचं, पण गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही, आपण पितो त्यातलंही काही तिथे लागत नाही, लागलं तर जोराचा ठसका लागतो. पाणी प्यायचं ते शरीरातून फिरून त्या पट्ट्या ओलसर ठेवण्यासाठी. हे साधं शरीरशास्त्र आहे आणि ते माहीत नसल्यामुळे कितीतरी जण नुसत्या गुळण्यांवर महिने काढतात.

शेवटी सोमवारीही आवाज येईना, तेव्हा दुर्बीण घालून बघितलं. स्ट्रोबोस्कोपीमध्ये दिव्याची उघडझाप अशी जुळवतात की तो वेगवान कंप पडद्यावर संथ लाटेसारखा दिसतो, आणि त्या लाटेत दोन्ही बाजूंना दोन बारीक उंचवटे दिसले. जिवंत माणसाचे बोलते स्वरतंतू पहिल्यांदा नीट बघणारा माणूस डॉक्टर नव्हता, मॅन्युएल गार्सिया नावाचा गाण्याचा शिक्षक होता, त्याने १८५४ साली दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचाच गळा बघितला आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ते मांडलं. एका शिक्षकाने सुरू केलेलं हे बघणं, याचा मला फार आनंद होतो. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन नको, असे नोड्यूल थेरपीने बरेचदा जातात, आणि थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं की शिक्षकांचा एक गट आठवड्यातून एकदा भरतो, त्यात या.

गट म्हटल्यावर माझं मन तयार नव्हतं. आवाज ही खूप खाजगी गोष्ट वाटते, आणि तो फाटलेला असताना अनोळखी लोकांसमोर काढायचा म्हणजे नको वाटतं. पण खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या, एक पीटीचे सर, एक संगीताच्या बाई, दोघी-तिघी अगदी लहान मुलांना शिकवणाऱ्या, एक गणिताचे सर, आणि प्रत्येकाने फक्त नाव आणि विषय सांगायचा होता. नावं सांगून होईपर्यंत खोलीतला ताण उतरला होता, कारण प्रत्येकाच्या नावातलं एखादं अक्षर तरी गिळलं जात होतं. पीटीच्या सरांचा आवाज मैदानावर गेलेला, संगीताच्या बाईंचा वरचा स्वर निघत नव्हता, आणि त्या बाईंनी सांगितलं की वर्ग गात असताना त्यांना सगळ्यांच्या वर गावं लागतं. मला वाटलं होतं गाणाऱ्याला आवाज कसा लावायचा हे माहीत असतं, मग त्याला कसा त्रास होईल. पण पीटी आणि संगीत, दोन्ही विषयांत आवाजाची मागणी सगळ्यात जास्त असते.

पहिल्यांदा एक प्रश्नावली भरून घेतली, ३० प्रश्नांची, १९९७ पासून जगभर वापरात असलेली. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. तिचे तीन भाग असतात, एक शरीराचा, एक रोजच्या कामांचा आणि एक मनाचा. घशाबद्दल विचारतील असं वाटून आम्ही भरायला लागलो आणि मनाच्या भागात आल्यावर खोली शांत झाली. आवाजामुळे लोकांना टाळता का, आवाजामुळे आपण कमी पडतो असं वाटतं का, अशा अर्थाचे प्रश्न. गणिताचे सर म्हणाले, "मी घरी फोन उचलत नाही, मला वाटायचं माझा स्वभाव बदललाय." त्यावर कुणीच काही बोललं नाही, पण बऱ्याच जणांनी माना हलवल्या. हे वाक्य त्यांनी डॉक्टरसमोर एकट्याने कधी म्हटलं नसतं असं मला वाटतं, कारण डॉक्टरसमोर आपण लक्षणं सांगतो, फोन उचलत नाही हे आपल्याला लक्षणच वाटत नाही.

गटाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे कान तयार होणं, यावर मला जरा जास्त लिहायचंय. आपला आवाज आपल्याला कधीच खरा ऐकू येत नाही. तो हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांमधूनही येतो आणि त्यामुळे जास्त भरदार वाटतो, म्हणून रेकॉर्डिंग ऐकलं की परका माणूस बोलतोय असं वाटतं. आपण ताण देतोय हेही ऐकू येत नाही, ती सवय झालेली असते. पण शेजारच्या बाई वाक्याच्या शेवटी श्वास संपल्यावरही बोलत राहतात आणि शेवटचे दोन शब्द खरखरतात, हे मला लगेच ऐकू आलं. मॅडमनी विचारलं काय ऐकू आलं, मी सांगितलं. मग त्या बाईंनी माझ्याबद्दल सांगितलं, की मी प्रत्येक वाक्याच्या आधी खाकरते. मला पत्ताच नव्हता. खाकरणं म्हणजे त्या सुजलेल्या पट्ट्या जोरात घासणं, घासल्या की अजून सूज, सूज आली की काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि परत खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी घोटभर पाणी, नाहीतर नुसता आवंढा गिळायचा. एकट्याच्या थेरपीत हे थेरपिस्टने सांगितलं असतंच, पण सहकाऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं असतं, आणि दुसऱ्याच्या आवाजात जे पकडायला शिकलो ते हळूहळू स्वतःच्या आवाजात सापडायला लागतं.

दुसरी गोष्ट अगदी आपल्या भाषेतली. वर्गात आपण सगळ्यात जास्त काय ओरडतो ते मॅडमनी फळ्यावर लिहून घेतलं. ऐका. ए. अरे. इकडे बघा. उठा. उघडा पुस्तकं. आता गप्प. बघितलं तर जवळजवळ सगळी वाक्यं स्वराने सुरू होणारी, आणि स्वराने सुरू होणारा शब्द जोरात काढताना पट्ट्या आधी घट्ट मिटतात आणि मग धाडकन उघडतात, म्हणजे पहिलाच मार सगळ्यात जास्त जोराचा. आम्ही ते शब्द आधी एक हलका श्वास सोडून म्हणायला शिकलो, जवळजवळ "हऐका" असं, मग तो ह कमी कमी करत नेला. आणि मग म ने सुरू होणारी वाक्यं. मुलांनो, मागचं पान. मधली ओळ म्हणा. म म्हणताना ओठ आणि नाकाचा कणा गुणगुणतो, तो कंप तिथे पुढे जाणवला पाहिजे, गळ्यात नाही, आणि तोच कंप पुढच्या शब्दात घेऊन जायचा. ज्यांच्या गळ्याची सवय खोलवर घट्ट होती त्यांना हे जाणवायला वेळ लागला. पीटीच्या सरांना एके दिवशी अचानक जाणवलं तेव्हा त्यांनी डोळे मोठे करून सगळ्यांकडे बघितलं, आणि सगळ्यांना त्यांच्या आवाजात तो फरक ऐकूही आला.

स्ट्रॉचा व्यायामही होता. स्ट्रॉ पाण्यात एक-दोन सेंटीमीटर बुडवायची आणि बुडबुडे काढत ऊ म्हणायचं, खालून वर, वरून खाली. बाहेरून पोरखेळ दिसतो पण त्यामागे भौतिकशास्त्र आहे. तोंडाशी वाट अरुंद झाली की हवेचा दाब मागे स्वरतंतूंवर येतो, त्या पट्ट्या किंचित अलग राहतात आणि एकमेकींवर हळू टेकतात, म्हणजे आवाज निघतो आणि मार कमी बसतो. फिनलंडमध्ये १९६० च्या दशकापासून काचेच्या नळ्या पाण्यात बुडवून हे करायचे, नंतर तिथेच मऊ सिलिकॉनची नळी आली, आणि स्ट्रॉमागचं गणित इंगो टिट्झे या आवाजाच्या शास्त्रज्ञाने मांडलं. मी अजूनही दोन तासांच्या मधे नुसत्या स्ट्रॉने, पाण्याशिवायही, मिनिटभर करते.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा व्यायाम गोंगाटाचा होता, आणि तो गटाशिवाय होऊच शकत नाही. शांत खोलीत, एका माणसासमोर, प्रत्येकाचा आवाज सुधारतो. वर्गात गेलं की पाच मिनिटांत जुना आवाज परत. याचं कारण एतियेन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ सालीच लिहून ठेवलंय, आजूबाजूचा आवाज वाढला की माणसाचा आवाज आपोआप वाढतो, त्याला ठरवावं लागत नाही, आणि नुसतं ठरवून तो सहज थांबवताही येत नाही. म्हणून आमच्यातले निम्मे मुलं व्हायचे, बाकं ओढायचे, गप्पा मारायचे, एकाच वेळी तीन प्रश्न विचारायचे, आणि एकाने शिकवायचं. पहिल्या वेळी लहान मुलांच्या बाईंचा आवाज अर्ध्या मिनिटात गळ्यात गेला. मॅडमनी थांबवलं, गुणगुणायला लावलं, परत सुरू. मग आम्हीच शोधत गेलो काय चालतं. गोंगाटावर आवाज चढवायचा नाही, हात वर करून थांबायचं. टाळीचा ठेका, पोरं तो ठेका परत देतात. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, कारण मग दुप्पट जोर लागतो. मागच्या बाकाला काही सांगायचं असेल तर मागच्या बाकापर्यंत चालत जायचं. आणि कुजबुजायचं नाही, लोकांना ती विश्रांती वाटते पण बऱ्याच जणांचा गळा कुजबुजताना उलट जास्त आवळला जातो. यातलं बरंचसं मॅडमना माहीत होतं, पण त्या कधी भरल्या वर्गात उभ्या राहिल्या नव्हत्या हे त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि कुठली युक्ती वर्गात खरी टिकते ते आम्ही एकमेकांना सांगत होतो. पुढच्या आठवड्यात येऊन कोणी सांगायचं की टाळी चालली, कोणी सांगायचं की पाचवीला चालली, नववीला नाही चालली.

गट सगळ्यांसाठी आहे असं मी म्हणणार नाही. पॉलिप, म्हणजे पट्टीवर वाढलेला मऊ फुगवटा असेल, एखादी पट्टी हलतच नसेल, तर आधी वेगळा इलाज लागतो. चार आठवड्यांच्या वर आवाज घोगरा राहिला तर थेरपी, व्यायाम, व्हिडिओ काहीही सुरू करण्याआधी दुर्बिणीने बघून घ्यायलाच हवं, आणि विडी-सिगरेट ओढणाऱ्याने, गिळताना त्रास होणाऱ्याने, मानेत गाठ लागणाऱ्याने तेवढेही थांबू नये.

आता जे मला मनापासून टोचतं ते. गटात बसल्यावर कळतं की आपल्या सगळ्यांच्या गळ्यात एकच वर्ग आहे, म्हणजे मोठा पट, घुमणारी खोली, उघड्या खिडकीतून येणारा आवाज, आणि सलग तास. त्याला आमचा श्वास कसा जबाबदार? नेल्सन रॉय यांच्याच गटाने २००२ साली शिक्षकांचे तीन गट केले, एकाला कमरेला लावायचा छोटा माईक दिला, एकाला आवाज जपण्याच्या सूचना दिल्या, एकाला काहीच नाही. माईकवाल्या शिक्षकांच्या त्रासात स्पष्ट फरक पडला, नुसत्या सूचनांनी पडला नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या अभ्यासात व्यायाम करणाऱ्यांना फायदा झाला आणि तिथेही नुसत्या सूचना अपुऱ्या पडल्या. म्हणजे "जरा कमी बोला, पाणी प्या" एवढ्यावर भागत नाही हे वीस वर्षांपूर्वीच तपासून झालंय. पोलंडमध्ये शिक्षकाचा दीर्घकाळ वापराने बिघडलेला आवाज व्यवसायजन्य आजार धरतात, स्पेनने २००६ साली स्वरतंतूंवरच्या नोड्यूलला व्यावसायिक आजारांच्या यादीत घातलं. कापूस पिंजणाऱ्याच्या फुप्फुसाला जो न्याय तोच शिक्षकाच्या गळ्याला. मला हे अगदी रास्त वाटतं.

आमच्या गटातून हे बळ आलं की आम्ही मागायला लागलो. एकटीने माईक मागितला तर मुख्याध्यापकांना वाटतं बाईंना शिकवणं झेपत नाहीये. पण ज्यांचे रिपोर्ट आहेत असे तिघे मिळून गेले की बोलणं वेगळं होतं. कुणाला माईक मिळाला, कुणाला दोन तासांनंतर एक ऑफ, कुणाला रस्त्याकडचा वर्ग बदलून मिळाला. काहींना काहीच मिळालं नाही, तेही लिहिलं पाहिजे, आणि त्यातल्या एका बाईंचा आवाज अजून पूर्ण आलेला नाही.

माझे उंचवटे बरेच कमी झालेत, पुढच्या तपासणीत बघू. पण राहून राहून वाटतं की आम्ही सगळे उशिरा आलो. फिनलंडमध्ये आवाजाचा सौम्य त्रास असलेल्या, अजून शिक्षक व्हायच्या असलेल्या विद्यार्थ्यांसाठी असेच गट भरवले होते, त्याचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला आणि त्यांचे आवाज सुधारले असं त्यात दिसलं. शिक्षक व्हायला निघालेल्या मुलामुलींना आपण पाठ टाचण शिकवतो, फळ्यावरचं अक्षर शिकवतो, सराव पाठ झाला की वहीत "आवाज वाढवा" असा शेरा लिहितो, आणि तो वाढवायचा कसा हे मात्र कुणी सांगत नाही. आमच्या मॅडम आता प्रशिक्षण घेणाऱ्यांचा एक गट सुरू करतायत, पहिल्या सराव पाठाच्या आधी. त्यात गोंगाट करायला आमच्यातले काही जण जाणार आहोत, पीटीच्या सरांनी बाकं ओढायचं काम आधीच मागून घेतलंय.